पुरुषोत्तमरावांची स्वतंत्र भूमी

फाटकाला साखळी लागली त्या दिवशी मी भाजीची पिशवी घेऊन माझ्याच नवऱ्याच्या देशाच्या सीमेवर उभी राहिले. साखळीपलीकडे आमचे हे, पुरुषोत्तमराव वानखडे, नगरपरिषदेच्या मालमत्ता कर विभागातून निवृत्त, अंगात बंडी आणि चेहऱ्यावर राष्ट्राध्यक्षाचा भाव. फाटकावर नवी पाटी होती: 'स्वतंत्र भूमी वानखडे. येथे संमतीविना कोणताही कायदा लागू नाही.' आत यायच्या आधी मी मोठ्याने म्हणावं की या भूमीचे नियम मला मान्य आहेत, असं त्यांनी मला सांगितलं. मी सांगितलं की पिशवीत मेथी आहे, तुमच्या देशात ती कोण निवडणार ते आधी ठरवा. साखळी निघाली. मेथीपुढे भल्याभल्यांचं सार्वभौमत्व टिकत नाही.

हे २०४६ सालचं, परतवाड्याबाहेरच्या आमच्या लेआउटमधलं, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतलं. आपल्याकडे एक जुनी आवई आहे की इंग्रजांनी जाताना देश देऊन टाकला नाही, नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. मी शाळेत असल्यापासून ती ऐकत आले. तिला ना शेंडा ना बुडखा. पण सत्तेचाळीसमध्ये नव्याण्णव मिळवले की बरोबर सेहेचाळीस साल येतं, आणि बेरीज जुळली की माणसाला वाटतं गोष्टही जुळली. त्या वर्षी पंधरा ऑगस्टला पट्टा संपणार, पट्ट्याबरोबर सगळे कायदे संपणार, असं कितीतरी शहाणीसुरती माणसं बोलू लागली होती.

तरीही ते बोलण्यावरच राहिलं असतं. त्याला पाय फुटले ते एका यंत्रामुळे, आणि ते यंत्र चालवण्याचा पगार मीच घेत होते. म्हणून आधी त्याचं सांगते.

लकवा झालेल्यांना कृत्रिम हात बसवणाऱ्या डॉक्टरांपुढे एक अडचण होती. हात हलायचा, पण तो आपण हलवला की तो आपोआप हलला, हे रोग्यालाच सांगता यायचं नाही. शोधता शोधता त्यांच्या लक्षात आलं की आपण स्वतः काही करतो तेव्हा मेंदू किंचित आधी त्याची वर्दी स्वतःलाच देऊन ठेवतो. दुसऱ्याने करवलं की ही वर्दी येत नाही, किंवा लंगडत येते. कपाळाला पट्टी बांधून ती मोजता येऊ लागली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की 'हो' म्हणणं हीदेखील एक हालचालच आहे. मनातून आलेल्या होकाराची वर्दी ठसठशीत असते. भिडेपोटी, भीतीपोटी किंवा कटकट नको म्हणून दिलेल्या होकाराची नसते.

त्या काळात फोनवरून गंडवून लोकांची घरं आणि ठेवी उडवण्याचा सुळसुळाट झाला होता. जो तो न वाचता 'मान्य आहे' वर बोट टेकवून मोकळा व्हायचा. म्हणून घराचा व्यवहार, लग्नाची नोंद आणि मोठं ऑपरेशन यांना संमतिपट्टी सक्तीची झाली. माणसाने पट्टी बांधून 'हो' म्हणायचं आणि दिवा बघायचा; कपाळावरच्या पट्टीवर लागतो तोच समोरच्या पेटीवरही लागतो. हिरवा लागला तर होकार तुमचा. पिवळा लागला तर तोंड तुमचं, धक्का दुसऱ्याचा. लाल लागला तर होकारच नाही, तोंडाने काहीही म्हणा.

निबंधक कार्यालयात ही पट्टी मी बांधायचे. प्रत्येकाचा मेंदू वेगळा, म्हणून आधी जुळणी करावी लागते. समोरच्याचं बोट पहिल्यांदा मी माझ्या हाताने उचलते, मग त्याला आपलं आपण उचलायला लावते. या दोन्हींतला फरक यंत्र शिकतं आणि मगच प्रश्न विचारता येतो. भावाच्या नावे हक्कसोड करायला आलेल्या बहिणींचे पिवळे दिवे मी पोत्याने पाहिले. लग्नाच्या नोंदीला आलेल्या एका मुलीचा लाल पाहिला. तिचा बाप मला खाऊ की गिळू करत होता, आणि पोरगी माझ्याकडे अशी बघत होती की त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा गर्व वाटला.

आता यांचं. पुरुषोत्तमराव काही जन्माचे बंडखोर नव्हेत. थकबाकीदाराच्या दुकानाला सील ठोकताना त्यांनी कधी मागेपुढे पाहिलं नाही. करविभागाच्या खिडकीत बसून 'उद्या या' म्हणण्यात तर त्यांचा हातखंडा होता. लग्नाच्या पंगतीतही लोक त्यांना चिडवायचे, की वानखडे साहेब, जिलबी आज मिळेल की उद्या येऊ.

मग एके दिवशी नगरपरिषदेचं उडतं यंत्र आमच्या लेआउटवरून फिरलं आणि आमचा छज्जा रेषेबाहेर आहे असं त्याने ठरवलं. दंड आपोआप लागला. यांनी हरकत नोंदवली, तर चहाचा कप ओठाला लावेपर्यंत उत्तर आलं की आपले म्हणणे विचारात घेऊन फेटाळण्यात येत आहे. हे इस्त्रीचा सदरा घालून कार्यालयात गेले. त्यांची जुनी खिडकी बुजवून तिथे पडदा लावला होता. पडद्याने यांचा चेहरा पाहिला, नाव उच्चारलं आणि तेच उत्तर पुन्हा वाचून दाखवलं.

घरी येऊन ते पायरीवर बसले. चपला काढता काढता म्हणाले, "रत्ना, मले निदान 'उद्या या' म्हणणारा तरी कोणी पाहिजे होता."

मला फार वाईट वाटलं, आणि आजही वाटतं. ज्या कायद्याला तोंड नाही त्याच्याशी माणसाने भांडायचं तरी कुठे? यांचा राग शंभर टक्के खरा होता. तो राग घेऊन ते ज्याच्या दारात गेले, तो माणूस खोटा होता.

त्याचं नाव राजूरकर सर. पूर्वी अमरावतीला स्पर्धा परीक्षेचे क्लास घ्यायचे, विषय राज्यघटना. त्यांच्याकडून कोणी पास झाल्याचं ऐकिवात नाही, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण पास झालो असं वाटावं. क्लास बंद पडल्यावर त्यांनी 'जिती संमती परिषद' काढली. त्यांचं म्हणणं, सरकारी कागदात 'सदर इसम' लिहितात, तो इसम म्हणजे तुम्ही नव्हे. तो कागदावरचा मुर्दा आहे. दंड, कर, नोटीस सगळं त्या इसमाला लागतं, जित्या माणसाला लागत नाही. नागरिक म्हणजे नगरातला, आणि तुमची नाळ तर खेड्यात पुरलेली, मग तुम्ही नागरिक कसे? आमचे हे कोणी दारात आलं की सांगू लागले, "मी पुरुषोत्तम, वानखडे कुळातला जिता माणूस. सदर इसमाशी माह्या काही संबंध नाही." पेन्शन मात्र सदर इसमाच्याच खात्यात यायची, आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जिता माणूस मुकाट्याने जायचा.

इतक्यावर लोक हसून सोडून देत. पण परिषदेच्या हाती पट्टी लागली. आमच्या कार्यालयात शुल्क भरून कोणीही कोणत्याही प्रश्नावर पट्टी बांधून घेऊ शकत असे. एका दुपारी राजूरकर सर आमच्या यांना घेऊन माझ्याच टेबलासमोर येऊन बसले. मी यांचं बोट उचललं, यांनी आपलं उचललं, जुळणी झाली. सरांनी गंभीर आवाजात विचारलं की बांधकामाचे नियम तुम्हाला मान्य आहेत का. हे 'हो' म्हणाले आणि दिवा लालबुंद झाला.

यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "रत्ना, तूच सांग. मशीन खोटं तं नाही ना बोलत?"

"मशीन खरंच बोलते," मी म्हटलं. "तुम्ही तिले भलतंच विचारलं."

घरी मी त्यांना परोपरीने समजावलं. आमच्या कार्यालयातल्या साहेबांना मी गमतीने आयकराबद्दल विचारलं होतं, त्यांचाही पिवळा लागला होता. सिग्नलला थांबायला मनापासून कोणाला आवडतं? मला आवडत नाही, तुम्हाला आवडत नाही, पण दोघंही चरफडत थांबतो म्हणून चौकात कोणी चिरडत नाही. कायदा हा पिवळ्या दिव्यावरच चालतो, फक्त तो सगळ्यांना सारखा पिवळा असला पाहिजे. न्यायालयानेही पुढे हेच सांगितलं, की ही पट्टी व्यवहारासाठी आहे, कायदा हा काही व्यवहार नव्हे. पण ज्याच्या हातात लाल दिवा आला त्याला कोण समजावणार? गावोगाव लोक आपापल्या लाल दिव्याच्या नोंदींच्या प्रती फाटकावर डकवू लागले, गाड्यांचे नंबर पुसू लागले.

शेजारच्या तालुक्यातल्या एका म्हाताऱ्याने आपली जागा अशीच मुक्त केली. मुक्त करायची म्हणजे सरकारदरबारची नोंद सोडायची, वीज आणि नळ तोडायचा आणि जागा विश्वस्त म्हणून परिषदेच्या हवाली करायची. चार महिन्यांत त्याच्या घरात परिषदेचं गोदाम झालं आणि म्हातारा गोठ्यात राहायला गेला. पोलिसांकडे जायची सोय नव्हती, कारण पोलीस मानत नाही असं त्यानेच लिहून दिलं होतं. हे मी यांना सांगितलं तेव्हा म्हणाले की तो म्हातारा अडाणी होता. आमचं घर ते पंधरा ऑगस्टला, पट्टा संपतो त्याच मुहूर्तावर, मुक्त करणार होते.

आणि इथेच आमच्या राष्ट्राध्यक्षांची गाडी अडली. प्लॉट माझ्या नावावर होता.

बाईच्या नावाने खरेदी केली की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. आमच्या लेआउटमधल्या निम्म्या पाट्यांवर बायकांची नावं आहेत ती याच एक टक्क्यापायी, प्रेमापायी नव्हेत. कर खात्यातल्या माणसाला ती सूट सोडवेल कशी? सही करताना हेच मला म्हणाले होते, "नाव फक्त तुह्यं, घर तं आपलंच." त्या घराच्या भिंतींवर रोज सकाळी पाणी मी मारलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला हवी म्हणून मी सांगितलं होतं, ती पश्चिमेला झाली. तरी ते घर माझं होतं, माझा जीव त्याच्यात होता, आणि ते मी कोणाच्या गोदामासाठी देणार नव्हते.

परिषदेचा स्वतःचाच नियम होता की मालकाच्या हिरव्या दिव्याशिवाय भूमी मुक्त होत नाही. सरांनी तो सभासदांना इतक्यांदा ऐकवला होता की आता त्यांना तो गिळताही येईना. मग यांनी मला हिरवी करायला घेतलं. सकाळी चहा हातात मिळू लागला. पोहे आले, रविवारी गरम जिलबी आली. माझी माहेरची माणसं अचानक चांगली झाली. पट्टी फसत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते मलाच फसवू पाहत होते. मी सरळ नाही म्हणून सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नाही असं नाही. ऐकून घेतलं आणि मंडपवाल्याला आगाऊ देऊन आले. बायको आज नाही म्हणते, उद्या हो म्हणते, हा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

पंधरा ऑगस्टला आमच्या अंगणात खुर्च्या लागल्या. परिषदेचे सभासद आले, लेआउटमधले बघे आले, मोबाइलवरून सगळीकडे दाखवायला एक माणूस आला. सर जाकीट घालून आले. मी ठेवणीतली पैठणी नेसले, कारण भांडायला जाताना माणसाने नीट दिसावं. यंत्राची पेटी परिषदेने विकत घेतलेली होती. पट्टी मी माझ्या हाताने बांधली.

जुळणीला दुसऱ्याचं बोट लागतं. मी यांना पुढे बोलावलं आणि हात समोर धरला. टेबलावरची आपलीच किल्ली उचलावी तसं त्यांनी माझं बोट सहज उचललं. यंत्राने ते नोंदवून घेतलं: हा दुसऱ्याचा धक्का. मग माझं बोट मी उचललं.

सरांनी विचारलं, "रत्नमालाताई, ही भूमी मुक्त करून विश्वस्त म्हणून परिषदेच्या हवाली करण्यास आपली जिती संमती आहे?"

मी रीतीप्रमाणे 'हो' म्हटलं. दिवा लाल झाला. मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं.

सर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी हसून सभेला समजावलं की सनातन न्यायाने पत्नीची संमती पतीच्या संमतीत विरघळलेली असते, तेव्हा आपण पुरुषोत्तमरावांनाच विचारू. आमच्या यांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"विरघळली होती, तं माह्यं बोट कायले उचलायले लावलं?" मी विचारलं. "थांबा. आता मी विचारते. या घरात आजपर्यंत जे नियम चालले, ते मले मान्य होते का?" आणि मीच उत्तर दिलं, "हो."

मला लाल लागेल असं वाटलं होतं. लागला पिवळा. लाल असता तर निदान मी आतून भांडत होते असं तरी झालं असतं. पिवळा म्हणजे इतकी वर्षं कोणीतरी माझं बोट उचलत होतं आणि ते उचललं जात होतं. मी पैठणीचा पदर कमरेला खोचला. अंगणात इतकी माणसं बघत असताना रडायला मी काही तिथे उभी राहिले नव्हते.

सर म्हणाले की हा तुमचा घरगुती प्रश्न आहे. आणि मालकीचंच म्हणाल, तर ज्या कायद्याने हा प्लॉट तुमच्या नावावर आहे तो कायदाच आम्ही मानत नाही.

"तुम्ही नका मानू," मी म्हटलं. "तुमच्याच नियमानं चालू. ज्याची संमती, त्याले कायदा लागू. बरोबर? मग ऐका. ज्या कायद्यानं हे घर माह्या नावावर आहे, तो मले मान्य आहे का? हो."

दिवा हिरवा झाला.

इतकी वर्षं मी ते यंत्र चालवलं. करावर, दंडावर, हेल्मेटवर, कुठल्याही कायद्यावर हिरवा दिवा मी कधी पाहिला नव्हता. तो पहिला माझ्या कपाळावर लागला. मोबाइलवाल्याने तो जवळून दाखवला. परिषदेचे सभासद एकमेकांकडे बघू लागले, कारण त्यांच्या धर्मात दिव्याच्या वर देव नव्हता. सरांनी सावरायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात समोरच्या घरातल्या देशमुख काकू काठी टेकत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "माह्याबी नावावर हाय प्लॉट. मले बी बांध."

त्यांच्यामागे आणखी दोघी उभ्या राहिल्या. सरांनी घड्याळ पाहिलं, पुढच्या गावी सभा असल्याचं सांगितलं आणि जाकीट सावरत गाडीकडे गेले. मी काकूंना म्हटलं की सोमवारी कार्यालयात या, तिथे रीतसर बांधते. मंडळी पांगली, मंडपवाल्याला खुर्च्या उचलायला सांगितलं. फाटकावरची पाटी उतरवून भिंतीला उलटी लावून ठेवली.

हे सरांना थांबवायला गाडीमागे पार चौकापर्यंत धावले होते. गाडी थांबली नाही. परत आले तोवर मी फाटक लावून त्यांचीच साखळी आतून अडकवली होती. साखळीपलीकडे ते उभे, आणि अलीकडे मी. त्यांचा सदरा घामाने भिजला होता. पडद्यासमोरून परत आले त्या दिवशी ते असेच दिसत होते. मला त्यांची दया आली, पण साखळीवरचा हात मी काढला नाही.

त्यांनी साखळीची एक कडी बोटांत धरली. मग खाली बघत म्हणाले, "रत्ना, मी आत येऊ का?"

लग्नाला एवढी वर्षं झाली. कुठे राहायचं, मुलीला काय शिकवायचं, खिडकी कुठल्या भिंतीला पाडायची, यातलं काहीच त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि तो विचारून ते माझ्या कपाळाकडे, अजून न सोडलेल्या पट्टीकडे बघत होते, दिवा कुठला लागतो ते.

मी पट्टी सोडली आणि बाजूला टाकली. "तिकडे नका पाहू," मी म्हटलं. "इकडे पाहा. मी इथे आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं. या वेळी नीट विचारलं.

माझं उत्तर काय होणार हे खरंच माझं मलाच माहीत नव्हतं. त्याला वेळ लागणार होता, आणि तो वेळ घ्यायचा हक्क आता माझा होता. त्यांचा धाकटा भाऊ गावात राहतो, एका रात्रीची सोय होण्यासारखी होती.

"उद्या या," मी म्हटलं.

ते दचकले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, हसू म्हणता येणार नाही, पण त्याच्या वाटेवरचं. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, जशी साहेबासमोर जाताना लावायचे.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.

"खिडकी उघडली की," मी म्हटलं आणि सकाळी आणलेली मेथी निवडायला आत गेले.